दम राखून धावा

शास्त्रपाठ : १ राजे १८:४६ ते १९:८, उत्पत्ती ३३:१२-१४, इब्री १२:१-३



आम्ही शाळेत होतो तेव्हा दर वर्षी जानेवारी महिन्यात आठ किलोमीटरची शर्यत होत असे. शाळेच्या मैदानावरून निघायचे, बेळगावच्या वेशीबाहेरील एका खेड्याच्या पारापर्यंत जायचे आणि त्याच वाटेने परत यायचे. आमचे व्यायामशिक्षक आदल्या दिवशी एकच सूचना देत, "पोरांनो, दम राखून पळा. बक्षीस पहिल्या वळणावर ठेवलेले नाही." ही सूचना आम्ही ऐकली, परंतु मानली नाही. शिट्टी वाजली तेव्हा मैदानाच्या कडेला पालक, शिक्षक आणि सगळी शाळा टाळ्या वाजवीत उभी होती. त्या टाळ्या कानांत घेऊन आम्ही सर्वांच्या पुढे धावत सुटलो. पहिला किलोमीटर आमचाच होता. तिसऱ्या किलोमीटरला छातीत जाळ झाला. पाचव्याला, जेथे टाळ्या वाजवायला कोणीही नव्हते, तेथे आम्ही एका चिंचेखाली बसलो ते पुन्हा धावण्यासाठी उठलोच नाही. थोड्या वेळाने आमच्याच वर्गातला एक काटकुळा मुलगा, ज्याच्याकडे सकाळी कोणाचे लक्षही गेले नव्हते, एकसारख्या पावलांनी आला, आमच्याकडे पाहून त्याने मान हलवली आणि तो पुढे निघून गेला. आम्ही शाळेत परतलो ते पाण्याचे कॅन नेणाऱ्या शिपाईमामांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून.

आता चाळिशी उलटल्यावर ही गोष्ट आम्ही हसत हसत सांगतो. परंतु हीच चूक पुढे आम्ही प्रभूच्या सेवेत केली, आणि ती हसत सांगता येत नाही. तिच्याविषयी पुढे लिहू. आधी देवाच्या वचनाकडे वळू.

इब्री लोकांस पत्र लिहिणारा ख्रिस्ती जीवनाला धावेची उपमा देतो. आपल्यापुढे ठेवलेली धाव आपण कशी धावावी हे सांगताना 'वेगाने धावा' असे तो म्हणत नाही, तर धीराने धावण्यास सांगतो. मूळ ग्रीक भाषेत येथे 'हुपोमोने' हा शब्द आहे. भाराखाली टिकून राहणे, जागा न सोडणे, असा त्याचा अर्थ होतो. हे पत्र ज्यांना लिहिले ते लोक नवशिके नव्हते. दहाव्या अध्यायाच्या शेवटी लेखक त्यांना त्यांच्या पहिल्या दिवसांची आठवण करून देतो. तेव्हा त्यांनी निंदा सोसली, मालमत्तेची लूट आनंदाने सोसली, बंदिवानांच्या दुःखात ते सहभागी झाले. त्यांची सुरुवात उत्तम होती. आता मात्र त्यांचे हात गळाले होते, गुडघे लटपटत होते, आणि काही जण एकत्र जमण्याचेही टाळू लागले होते. म्हणजे हे पत्र धावेच्या आरंभी नव्हे, मधल्या टप्प्यावर, जेथे टाळ्या वाजत नाहीत अशा ठिकाणी दमून बसलेल्यांना लिहिलेले आहे. प्रियजनहो, आपल्यापैकी किती जण आज नेमके त्याच ठिकाणी आहेत!

१. आरंभीचा जोर म्हणजे विश्वास नव्हे

सन १९०८ मध्ये लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले होते. २४ जुलै रोजी मॅरेथॉनची शर्यत झाली. विंडसर येथील राजवाड्यापासून लंडनच्या क्रीडांगणापर्यंत, म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर, असे तिचे अंतर होते. पुढे १९२१ साली हेच अंतर मॅरेथॉनसाठी कायमचे ठरवण्यात आले. त्या दिवशी उकाडा फार होता. काही इंग्रज धावपटू आपल्या लोकांच्या जयघोषात आरंभीच इतक्या वेगाने निघाले की अर्ध्या वाटेतच ते मागे पडले. नंतर दक्षिण आफ्रिकेचा हेफेरॉन बराच वेळ पुढे होता. त्याला गाठण्यासाठी इटलीच्या दोरांदो पिएत्री ह्याने शेवटच्या टप्प्यात आपली उरलीसुरली शक्ती पणाला लावली, त्याला मागे टाकले आणि क्रीडांगणात पहिले पाऊल टाकले.

परंतु तेथे त्याच्यात काहीच उरले नव्हते. तो चुकीच्या दिशेला वळला. लोकांनी वाट दाखवली तेव्हा तो पडला, उठला, पुन्हा पडला. शेवटचे सुमारे साडेतीनशे मीटर जाण्यास त्याला दहा मिनिटे लागली, आणि अखेर पंचांनी हाताला धरून त्याला रेषेपार नेले. मदत घेतली म्हणून तो बाद ठरला. ज्याला विजयी घोषित करण्यात आले तो अमेरिकेचा जॉन हेझ हा बावीस वर्षांचा तरुण आरंभी बराच मागे होता आणि एकेकाला गाठीत पुढे आला होता. दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्राने पिएत्रीला चांदीचा, सोन्याचा मुलामा दिलेला पेला देऊन त्याच्या धैर्याचा गौरव केला. त्याच्या धैर्याविषयी कोणालाच शंका नव्हती. त्याचा हिशेब चुकला होता, एवढेच.

असे का होते ह्याचे कारण शरीराच्या घडणीतच आहे. आपण खातो त्या अन्नातील साखरेचा साठा शरीर स्नायूंत आणि यकृतात करून ठेवते. मनुष्य बेताच्या वेगाने धावला तर शरीर ह्या साठ्याबरोबर चरबीही जाळते आणि साठा पुरवून पुरवून वापरते. परंतु तो वेगाने सुटला की साखर भराभर जळते. मॅरेथॉनमध्ये पुष्कळांचा साठा सुमारे तीस किलोमीटरच्या पुढे संपत येतो. पाय शिशाचे होतात, डोके चालेनासे होते. धावपटू ह्याला 'भिंतीला धडकणे' म्हणतात. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की ती भिंत तिसाव्या किलोमीटरवर उभी राहते, पण पुष्कळदा ती बांधलेली असते पहिल्या पाचांत, जेव्हा अंगात भरपूर जोर असतो आणि 'आज आपण काहीही करू शकू' असे वाटत असते.

पवित्र शास्त्रातही असा एक धावणारा आहे. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरला, लोक उपडे पडले, पाऊस आला, आणि एलीया कंबर बांधून अहाबाच्या रथापुढे इज्रेलपर्यंत धावत गेला. घोड्यांच्या पुढे मनुष्य! त्या दिवशी कोणी पाहिले असते तर म्हणाले असते, ह्याला आता काय थांबवणार? परंतु पुढच्याच अध्यायात ईजबेल राणीचा एक निरोप येतो, आणि तोच एलीया जीव घेऊन पळतो, एका झुडुपाखाली बसतो आणि मरण मागतो. अठरावा आणि एकोणिसावा अध्याय ह्यांत मनुष्य तोच आहे, देव तोच आहे. दम मात्र संपला आहे.

आता देव काय करतो पाहा. तो एलीयाला रागे भरत नाही. 'तुझा विश्वास कोठे गेला?' असे विचारीत नाही. तो त्याला झोपू देतो. देवदूत निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई आणतो, त्याला खाऊ घालतो आणि पुन्हा झोपू देतो. दुसऱ्यांदा उठवताना देवदूत कारण सांगतो, ते असे की पुढची वाट त्याच्या शक्तीपलीकडची आहे. एलीयाला वाटत होते की आपली धाव संपली. देवाला ठाऊक होते की अजून चाळीस दिवसांची वाट उरली आहे. आपण आजचा दिवस मोजतो; देव सगळी वाट मोजतो. म्हणून तो कधी कधी आपल्याला आत्मिक उपदेश देण्यापूर्वी भाकर आणि झोप देतो. ती नाकारणे ही भक्ती नव्हे.

२. आपल्याला नेमून दिलेली धाव ओळखा

इब्री पत्राचा लेखक 'आपल्यापुढे ठेवलेल्या' धावेविषयी बोलतो. शेजाऱ्यापुढे ठेवलेल्या नव्हे. लांबच्या शर्यतीत सर्वांत मोठा मोह असतो तो दुसऱ्याच्या पावलांशी आपली पावले जुळवण्याचा. कोणी झपाट्याने बाजूने निघून गेला की आपले पाय नकळत त्याच्या मागे ओढले जातात, आणि तेथेच हिशेब बिघडतो.

आता ती गोष्ट सांगतो जी हसत सांगता येत नाही. ईश्वरविज्ञानाची पदविका घेऊन आम्ही मंडळीत परतलो तेव्हा आमचे वय अठ्ठावीस होते. अंगात उत्साह मावत नव्हता. शब्बाथ शाळा घेतली, तरुण संघ घेतला, गायनमंडळाची पेटी घेतली, बुधवारची प्रार्थनासभा घेतली, आणि दोन खेड्यांतील उपासनाही स्वीकारल्या. मंडळीत एक आजी होत्या. त्यांची दृष्टी गेली होती. दर शुक्रवारी संध्याकाळी घरी येऊन शास्त्र वाचून दाखवण्याचे त्यांना आम्ही कबूल केले. पाळकसाहेब एकदा हळूच म्हणाले, "अहो, थोडे इतरांसाठीही ठेवा." आम्हाला वाटले, त्यांना आमचा आवेश कळत नाही.

दीड वर्ष सगळे चालले. मग घरात चिडचिड वाढली. व्यासपीठावर उभे राहून आम्ही शांतीविषयी बोलायचो आणि घरी आल्यावर पत्नीशी धड बोलायचो नाही. पुढे एकेक काम सुटू लागले. सर्वांत आधी सुटले ते जे कोणाला दिसत नव्हते, आजींचा शुक्रवार. 'पुढच्या आठवड्यात जाऊ' असे म्हणता म्हणता आठ महिने गेले, आणि एके सकाळी आजी प्रभूमध्ये निजल्याचा निरोप आला.

आम्ही घरी गेलो. त्यांची सून साधेपणाने म्हणाली, "ब्रदर, शुक्रवारी संध्याकाळी त्या दाराकडे तोंड करून बसायच्या. तुम्हाला बोल नाही लावत हो, त्यांना सवयच झाली होती." मग तिने सांगितले की शेवटच्या आठवड्यात शास्त्र वाचायला मंडळीतले एक काका आले होते. हे काका रेल्वेतून निवृत्त झालेले. मंडळीत ते कधी पुढे बसले नाहीत, कधी कोणत्या कमिटीवर गेले नाहीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासना संपली की ते आजींकडे जात, एक अध्याय वाचीत, चहा घेत आणि घरी जात. हे ते अकरा वर्षे करीत होते. आम्हाला ह्याचा पत्ताही नव्हता.

पुढे एकदा आम्ही त्यांना ह्याविषयी विचारले. ते म्हणाले, "मला तेवढेच झेपत होते, म्हणून तेवढेच कबूल केले." आमच्या पदविकेच्या सगळ्या पुस्तकांत हे एक वाक्य आम्हाला मिळाले नव्हते. काकांना पाहून आम्हाला शाळेतला तो काटकुळा मुलगा आठवला.

बंधुभगिनींनो, आम्ही आजींना दिलेले वचन मोडले ते द्वेषाने नव्हे, आळसानेही नव्हे. झेपेल त्याहून अधिक कबूल केले, म्हणून मोडले. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभूने शिकवले आहे (लूक १४). तो हिशेब पैशाचाच असतो असे नाही. वेळेचा, शरीराचा आणि घरच्यांच्या वाट्याचाही असतो. कबुली देताना ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्या 'होय'वर शेवटी कोणीतरी दाराकडे तोंड करून बसते.

आमच्या बेळगावच्या मातीतले एक धावपटू येथे आठवतात. फडेप्पा दरेप्पा चौगुले हे १९२० साली बेल्जियममधील अँटवर्प येथे भारताच्या पहिल्या ऑलिंपिक तुकडीतून मॅरेथॉन धावले. त्यांचा क्रमांक एकोणिसावा आला. पदक मिळाले नाही. परंतु परक्या देशात, जगातील नाणावलेल्या धावपटूंमध्ये, दोन तास पन्नास मिनिटे धावून त्यांनी ती शर्यत पूर्ण केली. एकोणिसाव्यासाठी बँड वाजत नाही. तरी धाव पूर्ण केली ह्या शब्दांत जे आहे ते कोणी काढून घेऊ शकत नाही. प्रेषित पौलही तुरुंगातून तीमथ्याला लिहिताना आपण कितवे आलो हे सांगत नाही. धाव संपवली आणि विश्वास राखला, इतकेच सांगतो.

३. बोलता येईल असा वेग ठेवा

लांब पल्ल्याच्या धावपटूंना शिकवणारे लोक सरावासाठी एक सोपी कसोटी सांगतात. तिला घड्याळ लागत नाही, यंत्र लागत नाही. धावताना शेजारच्या सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. एकेक शब्द तोडून बोलावे लागत असेल तर वेग जास्त झाला आहे असे समजावे. आणि बोलणे बंदच झाले असेल, तर तो लांबच्या वाटेचा वेग नव्हेच.

ही कसोटी आपल्या सेवेला आणि संसारालाही लावून पाहावी. आपला सोबती प्रभू येशू आहे. ज्या वेगाने आपण धावत आहोत त्या वेगात त्याच्याशी बोलता येते काय? सकाळी घाईघाईने चार ओळी वाचून उठायचे, जेवणाच्या वेळी पाठ केलेली प्रार्थना पुटपुटायची, रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या डोळे मिटायचे, असे जर महिनोन्महिने चालले असेल, तर आपण कितीही कामे करीत असू, आपला वेग चुकला आहे. हे काम प्रभूचेच आहे ना, असे आपण म्हणतो. होय, काम प्रभूचे आहे. परंतु ज्याचे काम आहे त्याच्याशीच बोलायला श्वास उरला नाही, तर आपण कोणाबरोबर धावत आहोत?

मार्काच्या पहिल्या अध्यायात कफर्णहूमची ती संध्याकाळ पाहा. सगळे गाव दाराशी जमले. पुष्कळ आजारी बरे झाले. दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच, प्रभू उठून एकांत स्थळी गेला आणि प्रार्थना करीत राहिला. शिष्य त्याला शोधीत आले आणि सर्व लोक आपणाला शोधीत आहेत असे त्यांनी सांगितले. आम्ही असतो तर लगेच माघारी फिरलो असतो. लोक शोधीत आहेत ह्यापरते समाधान ते कोणते? प्रभू मात्र म्हणाला, दुसऱ्या गावी जाऊ या, कारण मी त्यासाठीच निघालो आहे. कफर्णहूममध्ये त्या सकाळीही आजारी होते. तरी पित्याशी बोलून त्याने आपली वाट ठरवली. गर्दीच्या हाकेवरून ठरवली नाही. ज्याने जगाचे तारण केले त्याने आयुष्याची सुमारे तीस वर्षे नासरेथात काढली आणि उघड सेवेसाठी तीनेक वर्षे दिली. त्याला घाई नव्हती, आणि त्याचे कोणतेच काम अपुरे राहिले नाही.

आणखी एक गोष्ट. अनुभवी धावपटू घसा कोरडा पडण्याची वाट पाहत बसत नाही. वाटेतील पाण्याच्या टेबलापाशी थोडे थोडे पाणी आधीपासूनच घेतो. अरण्यात इस्राएलांना मान्ना रोजच्या रोज वेचावा लागे. नाताळच्या एका उपासनेवर वर्षभर, किंवा एका संजीवन सभेवर पाच वर्षे कोणी चालू शकत नाही.

४. लेकरांच्या चालीने चला

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी उत्पत्तीच्या तेहतिसाव्या अध्यायात एक सुंदर प्रसंग आहे. वीस वर्षांनी याकोब आणि एसाव भेटले. एसाव म्हणाला, चल, आपण बरोबर जाऊ. त्याच्यासोबत चारशे माणसे होती, आणि त्यांची चाल साहजिकच झपाट्याची असणार. याकोबाने नम्रपणे नकार दिला. त्याचे म्हणणे असे की मुले कोवळी आहेत, मेंढरे आणि गुरे दूध पाजणारी आहेत. त्यांना एक दिवस जरी जास्त हाकलले तरी सगळा कळप मरेल. म्हणून मी गुरांच्या आणि मुलांच्या चालीने हळूहळू येतो. याकोबाच्या हातून आयुष्यात पुष्कळ चुका झाल्या, परंतु ह्या बाबतीत तो खरा मेंढपाळ होता. कळपाचा वेग सर्वांत बळकट मेंढ्यावरून ठरत नाही, हे त्याला ठाऊक होते.

दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग ह्या शहरांच्या दरम्यान 'कॉम्रेड्स' नावाची एक शर्यत होते. पहिल्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ ती १९२१ साली सुरू झाली. अंतर सुमारे ९० किलोमीटर, आणि वाट सगळी चढउताराची. दिलेली मुदत संपली की दार बंद होते. एका पावलाने मागे राहिलेल्यालाही आत घेत नाहीत. ह्या शर्यतीत एक गोड प्रघात पडला आहे. अनुभवी धावपटू हातात फलक धरून एका ठरलेल्या वेगाने धावतो, आणि ज्यांना एकट्याने ते अंतर झेपणार नाही असे पुष्कळ जण त्याच्याभोवती घोळका करून धावतात. ह्या घोळक्याला ते 'बस' म्हणतात आणि पुढच्याला 'ड्रायव्हर'. चढ आला की ड्रायव्हर सर्वांना चालायला लावतो, सपाटीवर पुन्हा धावायला सांगतो, वाटेत गाणी म्हणून घेतो. तो स्वतः कदाचित पुष्कळ आधी पोहोचू शकला असता. परंतु त्या दिवशी त्याने आपला वेग इतरांना दिलेला असतो.

बळकटालाही सोबत लागतेच. १२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्ना येथे केनियाचा एलियुड किपचोगे ह्याने मॅरेथॉनचे अंतर १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत पार केले. ही अधिकृत स्पर्धा नव्हती, म्हणून विक्रम म्हणून तिची नोंद झाली नाही. परंतु त्या दिवशी त्याचा वेग राखण्यासाठी आणि वारा अडवण्यासाठी ४१ धावपटू आळीपाळीने त्याच्याभोवती धावले, आणि दर किलोमीटर जवळजवळ सारखाच, सुमारे २ मिनिटे ५० सेकंदांत गेला. सर्वांत वेगवान मनुष्य एकटा नव्हता आणि कॉम्रेड्समधील सर्वांत मंद मनुष्यही एकटा नसतो. मंडळी ही अशी असावी.

शिक्षकहो, आपल्या शाळांतून काय होते ते आपण जाणतोच. मे महिन्यात दहा दिवसांची उन्हाळी शास्त्रशाळा होते. मुले भरपूर येतात, शिक्षक रात्री जागून चित्रे काढतात, आणि जूनच्या पहिल्या रविवारी शिक्षकच दिसत नाहीत. डिसेंबरमध्ये नाताळच्या नाटकाच्या तालमी रोज होतात, आणि जानेवारीत बाके रिकामी असतात. उन्हाळी शाळा आणि नाटक नको असे आम्ही म्हणत नाही. परंतु योजना करताना जूनचा आणि जानेवारीचा पहिला रविवार आधी मोजावा. ज्या मुलाला वचन पाठ होत नाही, ज्याला मराठी वाचता येत नाही कारण तो कन्नड, हिंदी, गुजराती किंवा इंग्रजी शाळेत जातो, त्याच्या चालीने एक पाठ दोन रविवार चालला तरी चालेल. पाठांचे पुस्तक संपवायचे म्हणून मुलांना मागे टाकून पुढे जाणारा शिक्षक वेळेवर पोहोचतो, पण एकटाच. आणि दोन शिक्षकांनी आळीपाळीने वर्ग घेतला तर कोणालाही कमीपणा वाटू नये. मोशेला त्याचा सासरा इथ्रो ह्याने हेच सांगितले होते: असे करशील तर तूही थकशील आणि हे लोकही थकतील.

५. दम राखणे म्हणजे अंग चोरणे नव्हे

ह्यावर कोणी म्हणेल, "ठीक आहे, मग आजपासून आम्हीही बेताने घेऊ. दानार्पण बेताने, प्रार्थनासभा बेताने!" असे म्हणणाऱ्याने अजून धावायला सुरुवातच केलेली नाही. जो मैदानाच्या कडेला बसून आहे त्याला दम राखण्याचा उपदेश लागू नाही. त्याने आधी उठावे. दम राखायचा तो स्वतःसाठी शिल्लक ठेवायला नव्हे. शेवटच्या रेषेपर्यंत सगळाच्या सगळा देता यावा म्हणून राखायचा. काकांनी थोडे कबूल केले, परंतु जे कबूल केले ते अकरा वर्षे पावसात, उन्हात, गुडघे दुखत असताना पाळले. त्याला अंग चोरणे कोण म्हणेल?

प्रभूकडे पाहा. नासरेथात थांबणारा, एकांती जाणारा, तारवात उशीवर डोके ठेवून झोपणारा प्रभू, वेळ आली तेव्हा यरुशलेमेकडे तोंड करून निघाला आणि मागे वळला नाही. गेथशेमाने बागेत इतरांना झोप आली. तो जागा राहिला. वधस्तंभावर त्याने काहीच मागे ठेवले नाही. पिएत्री विजयाच्या रेषेशी पडला तेव्हा पंचांनी त्याला उचलले, आणि त्या मदतीमुळेच तो बाद ठरला. ख्रिस्ताच्या धावेचा नियम ह्याच्या उलट आहे. येथे जो पडतो त्याला प्रभू स्वतः उचलतो, आणि उचलले गेले म्हणून कोणी बाद होत नाही. असे नसते तर आजींच्या घरून परतल्यावर आम्ही पुन्हा व्यासपीठावर उभे राहू शकलो नसतो.

यशयाच्या चाळिसाव्या अध्यायातील शेवटचे वचन पुष्कळांना पाठ आहे. परमेश्वराची वाट पाहणाऱ्यांना दिलेल्या अभिवचनात आधी उडणे आहे, मग धावणे, आणि सर्वांत शेवटी चालणे. मनुष्याने लिहिले असते तर क्रम उलटा लावला असता. परंतु देवाला ठाऊक आहे की उडण्याचे दिवस थोडे असतात, धावण्याचे त्याहून थोडे अधिक, आणि न थकता चालत राहण्याचे दिवस सर्वांत जास्त. त्या दिवसांसाठीही त्याची शक्ती आहे.

ह्या महिन्यात आपण प्रत्येकाने एक काम करावे. एक कागद घ्यावा. आपण कबूल केलेली सगळी कामे त्यावर लिहावीत: घरची, नोकरीची, मंडळीची. मग तो कागद प्रभूपुढे ठेवून विचारावे, ह्यांतील कोणते तू मला नेमून दिलेस आणि कोणते मी टाळ्यांसाठी घेतले? जे टाळ्यांसाठी घेतले ते नम्रपणे दुसऱ्याच्या हाती द्यावे. जे नेमून दिलेले आहे ते धरून ठेवावे. आणि ज्या दारापाशी कोणी आपली वाट पाहत असेल, तेथे ह्याच आठवड्यात जावे.

प्रार्थना : हे प्रभू येशू, आमच्या आधी ही वाट धावून गेलेल्या तारणाऱ्या, आमची घाई आणि आमचा आळस ह्या दोन्हींची आम्हाला क्षमा कर. ज्यांना आम्ही वाटेत विसरलो त्यांची तू आठवण ठेव. जे आज दमून बसले आहेत त्यांना भाकर, पाणी आणि विसावा दे, व पुन्हा उठव. तुझ्याशी बोलता येईल अशा चालीने आम्हाला चालव, आणि लहानांना मागे न टाकता शेवटच्या रेषेपर्यंत ने. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.